ग्राफिक्स कार्ड तापतंय? आकडा नंतर, आधी चढण बघा

मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड गेलं वाटतं. गेम सुरू केला की पंखे बोंबलायला लागतात, मग गेम अडखळतो. परवा तर स्क्रीनच काळी झाली."

कार्ड माझंच जुनं. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६०, सहा जीबी मेमरीचं, २०१७ मध्ये घेतलेलं. मी नवीन मशीन बांधलं तेव्हा त्याला देऊन टाकलं होतं. त्याने ते एका दुकानात दाखवून आणलं होतं. तिथे ब्लोअर मारून धूळ उडवली, "चिप वीक झालीये, नवीन घे" असं सांगितलं आणि ब्लोअरचे पैसे घेतले.

"किती तापतं?" मी विचारलं.

"एक्याण्णव."

खरं तर माझा प्रश्नच चुकला होता. जुन्या कार्डाबद्दल सगळे हाच प्रश्न विचारतात, आणि त्याच्या उत्तरातून फारच थोडं कळतं. पुण्यात डिसेंबरच्या रात्री ७१ दाखवणारं कार्ड अकोल्याच्या मे महिन्यात, काहीही न बिघडता, ९१ दाखवू शकतं, कारण खोलीच वीस अंशांनी जास्त तापलेली असते. चिपवर गार करायला धातूचा पातीदार सांगाडा बसवलेला असतो, तो हीटसिंक. हीटसिंक म्हणजे एसी नव्हे. तो थंडावा तयार करत नाही, चिपमधली उष्णता फक्त खोलीतल्या हवेत नेऊन सोडतो. म्हणून चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक वाटेत जितकी अडवणूक होते तितके अंश. आधी खोलीचा आकडा वजा करा. मगच कार्डाबद्दल बोलता येतं.

आता अडवणूक होते कुठे, ते बघू.

१०६० ची चिप २०० चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. सगळं कार्ड मिळून १२० वॉट खातं. त्यातले काही वॉट मेमरीत आणि वीज पुरवणाऱ्या भागात जातात, तरी चिपच्या वाट्याला ऐंशी-नव्वद येतातच. घरातली हजार वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे चिपच्या शंभरपट. हिशेब केला तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमधून इस्त्रीच्या आठपट उष्णता बाहेर पडत असते. इस्त्रीखाली कापड जाळायची सोय असते, चिपला मात्र शंभरच्या आत राहून हे सगळं निभवायचं असतं.

त्यासाठी तिच्यावर धातूचा ठोकळा दाबून बसवलेला असतो. पण दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी खरे टेकतात ते काही ठिकाणीच. पोळी तव्याला जिथे टेकते तिथेच डाग पडतो आणि जिथे उचललेली राहते तिथे ती पांढरीच राहते, तसंच. मधल्या फटींत हवा असते, आणि उष्णता वाहून नेण्यात हवेइतकं आळशी क्वचितच काही असेल. त्या फटी भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. तांब्याची उष्णतावाहकता मोजतात त्या एककात साधारण ४००, ॲल्युमिनियमची २०० च्या थोडी वर, चांगल्या पेस्टची ५ ते १० आणि हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापेक्षा चाळीस-ऐंशी पटींनी वाईट. तिचं काम फट भरण्यापुरतंच आहे. जाड थापली तर तीच नवा अडथळा होते.

ठोकळ्याच्या पुढे हीटपाइप असतात, तांब्याच्या बंद नळ्या. पुष्कळांना त्या भरीव वाटतात. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून टाकलेली असते आणि अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न बघता कमी तापमानालाच उकळतं. चिपजवळ त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं परत येतं. मोदकपात्राचं झाकण उघडताना मनगटाला वाफ लागली असेल तर वाफेत किती उष्णता साठलेली असते ते तुम्हाला माहीत आहे. ऐंशी वॉट वाहून न्यायला सेकंदाला थेंबभरही पाणी लागत नाही.

तिथून उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत जाते आणि पंखा ती हवेत ढकलतो. म्हणजे वाटेत दोन नाकी आहेत. एक चिप आणि ठोकळ्यामधलं, दुसरं पाती आणि हवेमधलं. आजार कुठल्या नाक्यावर आहे ते कळलं की निम्मी दुरुस्ती झाली. आणि ते ९१ या आकड्यावरून कळत नाही, ९१ पर्यंत कार्ड कसं चढलं यावरून कळतं.

भाच्याला म्हटलं, "आफ्टरबर्नर उघड, कार्डाचं तापमान आणि पंखे दाखवणारं ते सॉफ्टवेअर. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर बांधून ठेव, म्हणजे मधेच कमीजास्त होणार नाही. आलेख समोर ठेव, गेम सुरू कर आणि मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढ. एक मिनिटाने गेम बंद कर, पण व्हिडिओ चालू राहू दे."

व्हिडिओ आला. खोलीत ४१ अंश. कार्ड रिकामं बसलेलं असताना ५४. गेम सुरू झाल्यावर दोन सेकंदांत ८३. पंधराव्या सेकंदाला ८८, मिनिटाअखेर ९१ आणि पुढे तिथेच. त्याच वेळी चिपचा वेग घसरत होता. ८३ च्या पुढे हे कार्ड स्वतःच वेग उतरवून उष्णता कमी करायला बघतं. (म्हणून तापमानाशेजारी वेगाची ओळही बघावी. तापमान स्थिर आणि वेग उतरता असेल तर कार्ड बरं नाही, ते आखडतं घेतंय.) गेम बंद केला आणि तीन सेकंदांत ६२.

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत या दोन-तीन सेकंदांत आहे.

हीटसिंक म्हणजे पाव किलो ॲल्युमिनियम धरू. ते एक अंशाने तापवायला साधारण २२५ ज्यूल लागतात. शंभर वॉट म्हणजे सेकंदाला शंभर ज्यूल. म्हणजे सगळी उष्णता हीटसिंकमध्ये पोचली आणि हवेत काहीच गेली नाही असं मानलं, तरी तो दोन सेकंदांत एक अंशसुद्धा चढत नाही. २९ अंश चढायला त्याला मिनिटभर लागेल. मग दोन सेकंदांत २९ अंश चढलं कोण? एकटी चिप. तिच्या डोक्यावर एवढा मोठा ठोकळा बसलेला असून तिची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. बंद केल्यावर ती तीन सेकंदांत ६२ वर कोसळली, कारण हीटसिंक तेवढाच तापलेला होता. तो तापलेला असता तर चिपलाही सावकाशच उतरावं लागलं असतं.

याच्या उलट चित्र असं: सुरुवातीची उडी दहा-बारा अंशांची, मग दोन-चार मिनिटं हळूहळू चढत राहणं, आणि बंद केल्यावर तितकंच रेंगाळत उतरणं. तिथे उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचते, पुढे हवेत जात नाही. दोष धुळीचा, पंख्याचा किंवा कॅबिनेटचा. पडताळा सोपा आहे. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावा. आठ-दहा अंश उतरले तर हवेचा दोष. अंशभरच फरक पडला तर पेस्ट किंवा पकड. ब्लोअर मारून भाच्याच्या कार्डाला काडीचा फरक का पडला नाही, हे यावरून कळावं. जे नाकं मोकळंच होतं तिथे झाडू मारला गेला.

काही कार्डांत ‘हॉटस्पॉट’ असा वेगळा आकडाही दिसतो, चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा. तो मुख्य आकड्यापेक्षा दहा-पंधराने जास्त असणं नेहमीचं. तीसने जास्त असेल तर चिपचा एखादा कोपरा उघडा पडलाय असं समजावं.

कार्ड उघडलं ते व्हिडिओ कॉलवर. भाच्याला दहा वेळा बजावलं, की आधी पाच मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट कर, मग मशीन बंद करून पाठीमागून वायर काढ, आणि चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल कर. हीटसिंक सरळ उपटायचा नाही, दारावरचा जुना स्टिकर काढताना हलवतो तसा किंचित गोल फिरवत सोडवायचा. वाळलेली पेस्ट सिमेंटसारखी धरते, आणि वर ओढल्यावर चिपच निघून आल्याच्या गोष्टी दुरुस्तीवाल्यांकडे असतात. सुटल्यावरही झटका द्यायचा नाही, पंख्याची बारीक वायर अजून बोर्डाला जोडलेली असते.

"मामा, हा चौथा स्क्रू हातानेच फिरतोय."

आतली पेस्ट भिंतीवरच्या जुन्या डिस्टेंपरसारखी झाली होती. कडेने जाड कवडी, आणि मधोमध चिप आरशासारखी चकचकीत, जवळजवळ कोरडी. पेस्ट कुठे गेली? कडेला ढकलली गेली. ठोकळ्याचं तांबं तापल्यावर चिपच्या सिलिकॉनच्या सहापट प्रसरण पावतं. दर वेळी गेम सुरू झाला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकतात आणि वाकतात, बंद केला की मागे येतात. आठ वर्षांत असं हजारो वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी पेस्ट रेसभर बाहेर गेली. त्यातला तेलकट अंश उडून गेला तो वेगळाच. चौथा स्क्रू सैल पडल्यामुळे एका कोपऱ्याला दाबच उरला नव्हता.

पुसायला त्याने घरातला सॅनिटायझर काढला. त्याला थांबवलं. सॅनिटायझरमध्ये हाताला मऊपणा यावा म्हणून ग्लिसरीन असतं, आणि ते चिपवर थर सोडतं. साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं. आणि पुसताना चिपच्या कडा सांभाळायच्या. प्रोसेसरवर असतं तसं धातूचं झाकण ग्राफिक्स चिपवर सहसा नसतं, नखाएवढं उघडं सिलिकॉन असतं, आणि त्याचा कोपरा काचेसारखा उडतो. नवीन पेस्ट पातळ थरात, पण चारही कोपऱ्यांपर्यंत. प्रोसेसरवर मधोमध मटारएवढा गोळा ठेवून चालतो, कारण वरचं झाकण उष्णता पसरवतं. इथे उघडा राहिलेला कोपरा उघडाच तापतो. टूथपेस्टचा सल्लाही त्याला कुठूनतरी मिळाला होता. टूथपेस्ट पहिला दिवस काम करते, मग त्यातलं पाणी उडतं आणि खडू उरतो.

चिपभोवती मेमरीच्या सहा चौकोनी चिपा असतात आणि त्यांच्यावर मऊ रबरासारखे थर्मल पॅड. हे पॅड शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. बदलायचेच असतील तर जाडी तंतोतंत हवी. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड बसवला, की मेमरी गार होते आणि मुख्य चिपवरचा ठोकळा अर्धा मिलिमीटर उचलला जातो. म्हणजे परत पोळी तव्यावरून उचललेलीच. नवीन पेस्ट लावल्यावर तापमान उलट वाढलं अशी तक्रार आली, की मी पहिला प्रश्न पॅडबद्दल विचारतो.

स्क्रू परत तिरप्या क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा. चौथ्याच्या आट्या शाबूत होत्या, तो फक्त सैल पडला होता.

हे झालं स्क्रूवाल्या कार्डांचं. त्याहून जुन्या आणि स्वस्त कार्डांची पकड याहून कच्ची असते. ऑफिसच्या मशीनमध्ये असायची तसल्या बारक्या कार्डांवर हीटसिंक दोन प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो, वरून स्प्रिंग. वर्षानुवर्षं तापून ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एके दिवशी खुंटीचं टोक तुटतं. वरून बघितलं तर हीटसिंक जागच्या जागी, पंखा फिरतोय, धूळ नाही, आणि मशीन मात्र विंडोज सुरू होताच बंद. बोटाने हीटसिंक हळूच हलवून बघा, एका बाजूने झुलला तर खुंटी गेली. खुंट्या सुट्या मिळतात. न मिळाल्यास बारीक नट-बोल्ट आणि बोर्डाच्या बाजूला फायबरचा वायसर हे चालतं. धातूचा वायसर थेट बोर्डावर टेकवू नये, खाली तांब्याच्या रेषा असतात.

पंख्याचं थोडक्यात सांगतो. दोन पंख्यांच्या कार्डात बरेचदा एकाच पंख्याचा वेग मोजला जातो, आणि दुसरा मेला तरी सॉफ्टवेअर दोन हजार फेरे दाखवत राहतं. टॉर्च मारून डोळ्यांनी बघा. धूळ उडवताना पात्याला काडी लावून पंखा अडवा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. स्वयंपाकघराजवळच्या मशीनमध्ये फोडणीचं तेल बसून धूळ चिकट होते, ती हवेने निघत नाही, ब्रश आणि अल्कोहोलच लागतं. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते. ती खरवडण्याच्या भरात पाती वाकवू नका.

आणि हीटपाइप? नळीला बारीक चीर पडली की आतला निर्वात जातो, पाणी उडून जातं, आणि उरते ती पोकळ तांब्याची नळी. हा बिघाड क्वचित होतो, पण होतो. आत पाणीच कमी भरलं गेलं तरी परिणाम तोच. एएमडी कंपनीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या मॉडेलच्या काही कार्डांत नळीऐवजी असलेल्या वाफेच्या पेटीत पाणी अपुरं होतं आणि हॉटस्पॉट ११० अंशांना टेकत होता, हे एएमडीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं. तपासणी घरच्या घरी होते. हीटसिंक काढून पंखे वेगळे करा, ठोकळ्याचा भाग कडक गरम पाण्यात धरा आणि नळीच्या लांबच्या टोकाला बोट लावा. चांगली नळी काही सेकंदांत चटका देते. दोन नळ्यांपैकी एक तापली आणि दुसरी गारच राहिली, तर ती गेली. तिला दुरुस्ती नाही, हीटसिंकच बदलावा लागतो.

एका टोटक्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण तो मरत नाही: मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करणे. याचं मूळ खरं आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं होतं की, लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिपांत जोडणीचं मटेरियल कमकुवत निघालं, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. चिपखाली केसाएवढे बारीक डागाचे, म्हणजे सोल्डरचे, थेंब असतात. सतत तापून-गार होऊन त्यांना तडे जात. जोरात तापवलं की तडे तात्पुरते मिटत, डिस्प्ले येई, आणि काही आठवड्यांत पुन्हा जाई. उष्णतेने मारलेल्या चिपेला उष्णतेनेच घटकाभर उठवायचं, असा तो प्रकार. शिवाय ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात बोर्डाचे धूर सोडायचे. नकोच. स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि चौकोन दिसतायत, कार्ड गार असतानाही दिसतायत, तर मेमरी किंवा जोडणी गेलेली आहे. तिथे पेस्ट मारून उपयोग नाही. ठिपके तापल्यावरच येत असतील तर अजून आशा आहे.

भाच्याचा नवा व्हिडिओ संध्याकाळी आला. खोली तेवढीच, ४१. गेम सुरू झाल्यावर पहिली उडी अकरा अंशांची. मग सावकाश चढत चार मिनिटांनी ७९, आणि तिथे थांबलं. वेग मात्र आता घसरत नव्हता, म्हणजे पूर्ण १२० वॉट खाऊनही आधीपेक्षा बारा अंश खाली.

विदर्भातल्या उन्हाळ्याला ७९ बरा आकडा आहे, तरी मी त्याला आणखी एक गोष्ट करायला लावली. चिपचा विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. १.०५ व्होल्टवर चालणारी चिप तोच वेग ०.९५ वर पेलत असेल, तर खर्च १८ टक्क्यांनी उतरतो. त्याला व्होल्टेजची ओढाताण जमेना, म्हणून नुसती विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. गेममध्ये त्याला फरक कळला नाही. आकडा ७२ झाला.

"मामा, आता कधी बघायचं परत?"

संक्रांतीला बघ म्हटलं, विजेची मर्यादा परत १०० टक्क्यांवर आणि पंखा ८० वर बांधून. तेव्हा खोली बावीसवर असेल. ७९ वजा ४१ म्हणजे ३८, आणि त्यात २२ मिळवले की ६०. साठ दिसलं तर कार्ड आहे तसंच आहे, तेवढ्यावर शाबासकी मागायला फोन करायचा नाही. सत्तर दिसलं तर कर.